पार्सलचं दावं

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात म्हैस विकली जाते, तिचं दावं विकलं जात नाही. व्यवहार ठरला की विकणारा म्हशीच्या पाठीवरून एकदा हात फिरवतो, तिच्या गळ्यातलं दावं सोडतो आणि खांद्यावर टाकून घरी घेऊन जातो. जनावराबरोबर दावं दिलं तर गोठ्यातला खुंटा रिकामा राहतो, अशी समजूत आहे. घेणाऱ्यानं दावं आपलं आणायचं असतं, आणि तो ते हमखास विसरतो. मग मोकळ्या म्हशीची शिंगं कुणाच्या तरी हातात देऊन तो ज्या दुकानाकडे पळत सुटतो, ते आमचं दुकान. माझ्या सासऱ्यांनी बाजाराच्या फाटकासमोरची जागा घेतली ती याचसाठी. कासरे, दावी, जनावराच्या तोंडाला बांधायच्या म्होरक्या, वेसणी आणि पोळ्याला गोंडे, घुंगरमाळा. माणसाच्या विसराळूपणावर आमच्या दोन पिढ्या जेवल्या.

हे आधी सांगितलं, कारण मी लिहायला बसले आहे पार्सलच्या कामाविषयी, आणि माझं ते काम गेलं ते या दाव्यापायी. कंपनीचं म्हणणं वेगळं आहे, पण कंपनी या अंकात लिहीत नाही, मी लिहिते आहे.

मी मूळची श्रीरामपूरची. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, अक्षर चांगलं म्हणून फळ्यावर सुविचार लिहायला मलाच उभं करायचे. लग्न होऊन घोडेगावात आले आणि दुकानाच्या मागच्या खोलीत गोंडे बांधायला बसले. माझी ओळख ‘रफिकची बायको’. एकदा मोटारसायकलवर एक माणूस आला. एका ऑनलाइन कंपनीला गावात पार्सल ठेवायला आणि वाटायला जागा हवी होती. रफिकनी मान हलवली, म्हणाले, आपल्याला दोरीचा धंदा बरा, डब्यात काय आहे हे माहीत नसताना तो डबा सांभाळायचा कशाला? मी पडद्यामागून म्हटलं, “मी करते.” ते कसं तोंडातून निघालं ते माझं मलाच कळलं नाही. पण निघालं.

काम सांगायला सोपं आहे. सकाळी नगरहून गाडी येते, गोणी उतरवून जाते. प्रत्येक पार्सलवरच्या काळ्या रेघांवर स्कॅनर धरायचा, तो ‘टिंग’ करतो, आणि पार्सल घोडेगावात पोचल्याचं कंपनीला कळतं. मग वस्तीवार ढीग लावायचे. लांबच्या वस्त्यांची पार्सलं मोटारसायकलवाले नेतात, गावातली माणसं दुकानात येऊन घेतात. घेताना मोबाईलवर आलेला ओटीपी सांगायचा. कुणी घेतलं नाही किंवा घेऊन परत दिलं, की पुन्हा ‘टिंग’ करून ते लाल गोणीत टाकायचं. ती लाल गोणी म्हणजे रिटर्न. कंपनी पोचवलेलं बघते, पण लाल गोणीकडे तिचं लक्ष जास्त असतं.

स्कॅनर गळ्यात अडकवायला एक निळी दोरी मिळाली होती. ती गळ्यात घालून मी पहिल्यांदा पुढच्या गल्ल्यावर बसले तेव्हा रफिक म्हणाले, “म्होरकी छान दिसते.” मी त्यांना दिवसभर चहा दिला नाही. पण त्या दोरीनंतर गावात मी शमशादभाभी झाले. पोस्टातला शिपाईसुद्धा मला नावानं हाक मारायला लागला. बाईमाणसाला पन्नाशीच्या आसपास स्वतःचं नाव परत मिळतं तेव्हा काय वाटतं, ते ज्या बायकांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको.

गिऱ्हाइकं एकेक नमुना होती. एकाचा पत्ता होता ‘घोडेगाव बाजार, वडाखाली’. वडाखाली बाजारच्या दिवशी निम्मा तालुका बसलेला असायचा. एक सूनबाई सासूला कळू नये म्हणून स्वतःच्या साड्या शेजारणीच्या नावावर मागवायची. पुढे कळलं की सासूही तेच करत होती, त्याच शेजारणीच्या नावावर. शेजारीण बिचारी दोघींचे ओटीपी सांभाळत हिंडायची आणि तोंडातून अक्षर काढायची नाही. असली माणसं सरकारी नोकरीत असती तर देशाची गुपितं सुरक्षित राहिली असती.

दसऱ्याच्या आधी सेल लागायचा. मग विचारू नका. गोण्यांचे ढीग वर टांगलेल्या कासऱ्यांना टेकायचे. घरात पाय ठेवायला जागा नसायची, आणि मला ते फार आवडायचं. बायका दुकानातच पार्सल फोडायच्या. डब्यात काय आहे हे त्यांना माहीत असायचं, तरी फोडताना चेहरे लहान मुलींसारखे व्हायचे. तो आनंद खोटा होता असं मी कधीच म्हणणार नाही.

पण आठ-पंधरा दिवसांत त्यातलं बरंचसं माझ्या लाल गोणीत यायचं. मला याचं कोडं पडायचं. जो माणूस कासरा घेताना तो ओढून, चावून, वास घेऊन बघतो, तो न बघता मिक्सर कसा मागवतो? उलगडा नानांनी केला.

नाना म्हणजे बाजारातले जुने दलाल. हयात गेली त्यांची म्हशीचे दात बघण्यात. आता वस्तीवर डाळिंबाची बाग बघतात, पण बाजारच्या दिवशी येऊन आमच्या ओट्यावर बसल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. सेलमध्ये त्यांनी बॅटरीवरचा फवारणीचा पंप मागवला. आठ दिवसांनी तो पाठीवर घेऊन दुकानात हजर.

“भाभी, ह्यो पंप परत घ्या. बोली मोडली.”

“कसली बोली, नाना?”

“फोटूखाली लिवलं हुतं, वजनाला हलका. ह्याचा पट्टा खांदा कापतोय. आठ दिस जुपून बगितला.”

“फवारलं का यातून?”

“निस्तं पानी मारलं. दुसऱ्याच्या जनावराला कुनी औषध पाजतं व्हय?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाजारात जनावर बोलीवर घ्यायची रीत आहे. इतकं दूध देईल, लाथ मारणार नाही, औताला चालेल, असं विकणारा बोलतो. घेणारा चार दिवस घरी नेऊन बघतो. बोलल्याप्रमाणे निघालं तर ठेवतो, नाहीतर परत आणून बांधतो, आणि कुणी कुणाचा राग धरत नाही. आमच्या गावानं सेलमध्ये काही विकत घेतलंच नव्हतं. सगळं बोलीवर नेलं होतं.

मी पंप खोक्यात घातला, ‘टिंग’ केलं, लाल गोणीत टाकला. थोड्या दिवसांनी तोच पंप नगरहून परत आला. वर चिठ्ठी चिकटवलेली, वस्तू अपूर्ण. मी पुन्हा पाठवला, तो पुन्हा आला. खोकं उघडून बघितलं तर चार्जर नव्हता. बाजारच्या दिवशी नाना ओट्यावर टेकले तसं मी विचारलं.

“नाना, पंपाचा चार्जर विसरलात का?”

“इसरलो न्हाई. ठिवलाय घरी.”

“कशाला?”

नानांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी श्रीरामपूरहून कालच आले. “दावं कुनी देतं व्हय जनावरासंगं?”

पलीकडे रफिक कासरा वळत होते, त्यांच्या हातातला पीळ सुटला. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मग गंभीर तोंड करून म्हणाले, “नानांचं बरोबर आहे. कंपनीनं आपलं दावं आपण आणायला पाहिजे.”

मी लाल गोणी ओट्यावर उपडी केली. दाढीचं मशीन होतं, वायर नव्हती. टेबलावरचा दिवा होता, वायर नव्हती. गाणी वाजवायचा डबा होता, त्याचीही नव्हती. काहींची खरोखर हरवली असेल, पण जुन्या बाजारकरूंच्या घरोघरी खुंटीवर चार्जर टांगलेले होते, हे पुढे मी डोळ्यांनी बघितलं. वस्तू गेली तरी घरातली बरकत जाऊ नये म्हणून. कुठल्या कंपनीच्या नियमात याला उत्तर असणार?

पण कंपनीकडे दुसरं उत्तर होतं. नगरचा सुपरवायझर योगेश महिन्यातून एकदा यायचा. चांगल्या घरचा, चप्पल बाहेर काढून आत येणारा पोरगा. तो म्हणाला, “भाभी, तुमचं सेंटर रिटर्नमध्ये सगळ्यात वर आहे. पुढच्या सेलला हे खाली आलं नाही तर वरचे लोक बंद करतील. माझ्या हातात नाही.”

मी विषय बदलायचा म्हणून विचारलं, “हे परत गेलेलं सामान पुढं जातं कुठं?”

तो म्हणाला, “पुष्कळसं गोदामात पडून राहतं. मग लॉट करून वजनावर काढतात. काही काही तर मोडूनच टाकतात. एकेक खोकं उघडून तपासायला माणूस बसवणं त्यांना परवडत नाही.”

“नवंकोरं?”

“नवंकोरं, भाभी.”

तो गेल्यावर मी लाल गोणी बांधायला बसले. आमच्याकडे तुटलेला कासरासुद्धा कुणी टाकत नाही, गाठ मारून शेळीला लावतो. आणि मी मात्र ‘टिंग’ करून चांगल्या वस्तू मरायला पाठवत होते. मला मंदाच्या बुटांची आठवण झाली. मंदा तिसगावकडची, ऊसतोडीला जाणारी. दरवर्षी सेलमध्ये लेकीसाठी काहीतरी मागवायची आणि पार्सल माझ्या पत्त्यावर, कारण त्यांचा ट्रक कारखान्याकडे जाताना आमच्यासमोर हायवेवर थांबायचा. आदल्या वर्षी ट्रक चालू असतानाच मी तिला वर बुटांचं खोकं दिलं होतं. उन्हाळ्यात परतताना ती उतरली आणि खोकं माझ्यासमोर ठेवलं. “पायात गेलंच न्हाई वो, भाभी. फडात कुठं परत करू? पट्टी धरून पाय मापला हुता म्या.” बूट अजून कोरे होते, आणि तिची लेक अनवाणी उभी होती. परत करायची मुदत केव्हाच गेली होती. ते खोकं मी आमच्या फळीवर ठेवून दिलं होतं, काय करावं ते कळेना म्हणून.

तर अशी वेळ होती. केंद्र वाचवायचं तर लाल गोणी रिकामी राहायला हवी होती, आणि ती रिकामी राहायची तर गावाला न बघता मागवू द्यायचं नव्हतं. मी रफिकना म्हटलं, “लोकांना बोलीच पाहिजे ना? मग मागवायच्या आधी देऊ.”

सुरुवात नानांच्या पंपापासून झाली. रफिकनी त्याचा कापणारा पट्टा काढून टाकला आणि सुताचा रुंद पट्टा विणून लावला, बैलाच्या सामानाला लावतात तसला. नानांनी तो पाठीला लावून ओट्यावर दोन फेऱ्या मारल्या आणि परत करायचं नावच सोडलं. मी म्हटलं, “नाना, बाजारच्या दिवशी हा इथं आणून ठेवा. ज्याला पंप मागवायचाय त्यानं आधी हा पाठीवर घेऊन बघू दे.” नानांना दुसरं काय पाहिजे? बाजाराच्या दिवशी ते पंपाशेजारी बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याची लक्षणं सांगू लागले. झाकण घट्ट बसत न्हाई, पाठ वली हुती, पन बॅटरी इमानदार हाय.

बघता बघता ओट्यावर रांग लागली. कुणी मिक्सर आणला, कुणी इस्त्री, कुणी वापरून ठेवून दिलेली शिलाई मशीन. आम्ही एकच नियम केला, तोही बाजारातलाच: आणणाऱ्यानं खोड आधी सांगायची, मोठ्यानं, चारचौघांत. “ह्यो मिक्सर चटनी बारीक करतो, पन वरडतो लई. आमचं म्हातारं दचकून उठतं.” गिऱ्हाईक तिथंच शेंगदाणे टाकून फिरवून बघायचं. काहींनी बघून, पटवून नवा मागवला, आणि तो कधी परत आला नाही. काही म्हणाले, जाऊ द्या, आमचा वरवंटा बरा. आणि काही म्हणाले, “नवा कशाला? हाच द्या की.” ते मी धरलंच नव्हतं. ओरडणारा मिक्सर एका बहिऱ्या आजीकडे गेला आणि दोघंही सुखी झाली.

उन्हाळ्यात मंदा परतली तेव्हा तिचे बूटही गेले. ते एका शेळीवाल्याच्या पोरीला बसले, आणि तिला मोठे होणारे सँडल मंदाच्या लेकीला आले. दोन्ही पोरींनी दुकानात चालून, पळून, उड्या मारून दाखवलं. मंदा म्हणाली, “भाभी, आता दर साली हितंच मापू.” त्या दिवशी मला जे समाधान झालं ते हजार ‘टिंग’मध्ये नव्हतं.

विकणारे अर्थातच चार्जर द्यायचे नाहीत. मिक्सरवाल्याला नाइलाज होता, त्याची वायर अंगालाच असते. त्यानं तिला हात लावून नमस्कार केला आणि दिला. पण बाकीच्या वस्तूंना घेणाऱ्यानं नवं दावं आणायचं, आणि ते मिळणार कुठे? रफिक नगरला जाऊन चार्जर घेऊन आले आणि दाव्यांच्या शेजारी टांगले. सासरे असते तर त्यांनी मुलाची पाठ थोपटली असती.

मग सेल आला. गाडी आली, गोणी उतरल्या, आणि निम्म्याच उतरल्या. मी म्हटलं असू दे, रिटर्न बघू. पंधरा दिवस गेले, लाल गोणी भिंतीला घडी घालून पडलेली. दिवाळीच्या फराळाला शेजारणी आल्या तर मी त्यांना चिवड्याच्या आधी ती गोणी दाखवली. गळ्यातली निळी दोरी सारखी नीट करत होते मी. केंद्र वाचलं होतं ना.

दिवाळी झाल्यावर बाजारच्या दिवशी योगेश आला. चप्पल काढली, आत येऊन बसला, पाणी प्यायला, आणि खालीच बघत राहिला.

“भाभी, रिटर्नमध्ये तुम्ही सगळ्यात खाली. वरच्यांना खरंच वाटेना.”

“मग?”

“ऑर्डरीपण सगळ्यात खाली. इतक्यासाठी गाडी पाठवणं परवडत नाही म्हणतात. इथली पार्सलं आता नेवाशावरून वाटणार.”

मला राग आला. परत येतं म्हणून बंद, आणि परत येत नाही म्हणूनही बंद? मी त्याला तसं बोलले. मग मला रडू आलं. पगार-कमिशनसाठी नव्हे, पोटापुरतं दुकान चालत होतंच. मागच्या खोलीत परत जावं लागणार, पुन्हा ‘रफिकची बायको’, असं वाटून आलं. गल्ल्यामागे तोंड करून मी डोळे पुसले. रफिकनी कासरा वळायचा थांबवला नाही, पण पीळ उलटा पडत होता.

योगेशला काय करावं सुचेना. तो उठून ओट्यावरच्या वस्तू बघू लागला. पंपापाशी थांबला. “हा तोच ना? दोनदा परत आलेला?”

“त्योच,” ओट्यावर बसलेले नाना म्हणाले.

“याचा पट्टा कुणी बदलला? माझ्या वडिलांना असाच हवाय. नव्या पंपानं खांदा धरतो त्यांचा.”

नानांनी पंपावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, “न्हे. माज्या वयाला आता फवारा झेपत न्हाई. पन खोड ऐक आधी.” त्यांनी झाकण, ओली पाठ, सगळं मोठ्यानं सांगितलं. योगेशनं पंप पाठीला लावला, फेरी मारली आणि घेतला. “चार्जर?” त्यानं विचारलं. ओट्यावरचे सगळे हसले. रफिकनी दाव्यांशेजारचा एक चार्जर काढून त्याच्या हातात दिला.

जायच्या आधी त्यानं कंपनीचं सामान गोळा केलं. पाटी, वजनकाटा, लाल गोणी. शेवटी स्कॅनर. मी तो गळ्यातून काढला, निळी दोरी सोडली आणि नुसता स्कॅनर पुढे केला.

“भाभी, दोरीपण जमा करावी लागते.”

मी काही म्हणायच्या आत नाना ओट्यावरून बोलले, “योगेशराव, जनावर न्यायला आलात. दावं आणलं का?”

योगेश हसला. रफिक उठले, आतल्या बाजूचं सुताचं एक बारीक नवं दावं काढलं आणि स्कॅनरच्या कडीत ओवून नीट गाठ मारून दिली. योगेश ते गळ्यात घालूनच गाडीवर बसला. कंपनीनं त्याला काय विचारलं असेल ते विचारलं असेल.

निळी दोरी मी गल्ल्यामागच्या खिळ्याला अडकवली. पुढच्या बाजारी सकाळी कुलूप काढायला गेले तर ओट्यावर आधीच माणसं बसलेली. एक घरघंटी, दोन सायकली, एक पाळणा. पाळणेवाली बाई तिसगावहून आली होती, ओळखीची नव्हती. फळीला हात लावून तिनं विचारलं, “शमशादभाभीचं दुकान हेच का वो?”

रफिक आतून म्हणाले, “हेच. मी त्यांचा नवरा.”